प्रयोज्याला हेतू सांगू नये

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लोणारे सरांचं नाव सांगतो. आईवडिलांचे उपकार मोजायची गोष्ट नाही, ते वेगळे. पण कुहीच्या बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मुलगा आज बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात समुपदेशक म्हणून बसतो, दूरच्या राज्यांतून आलेले कामगार त्याच्यासमोर खुर्ची ओढून मनातलं बोलतात, हे लोणारे सरांमुळे.

हे वाक्य सरांनी तपासलं असतं तर ‘मुळे’खाली लाल रेघ ओढली असती. “‘मुळे’ काहून? दुसरं काही कारण असू शकत नाही का?”

सर नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. विषय संशोधन पद्धती. मुलं मानसशास्त्र घेत ती स्वप्नांचा अर्थ कळेल, समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल या आशेनं. सर पहिल्याच दिवशी ती आशा मोडत. फळ्यावर तीन शब्द लिहीत: उद्दिष्ट, परिकल्पना, चल. मग हात झटकून सांगत, “उद्दिष्ट म्हणजे तुले काय पाहाचं हाय. परिकल्पना म्हणजे पाहाच्या आधी तुले काय वाटते. चल म्हणजे जे बदलते ते. तू स्वतः बदलवतो ते स्वतंत्र चल. त्याच्यानं जे बदलते ते आश्रित चल. अन् तुले न विचारता जे मधातच बदलते, त्यानं माणसाचा घात होते.”

आम्हाला हसू यायचं. सर हसत नसत. उंच, वाळकी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा. नंदनवनातल्या घरून जुन्या स्कूटरवर येत आणि वर्गात शिरल्यावरही दुपट्टा काढायचं विसरत. तेव्हा ते विसरणं आमच्या चेष्टेचा विषय होतं.

सरांच्या वर्गात ‘म्हणून’ हा शब्द फुकट वापरता येत नसे. कोणी म्हणालं, “सर, गाडी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला,” तर सर विचारत, “अन् पंक्चर नसती झाली तर तू वेळेवर आला असता? मागच्या सोमवारी गाडी चांगली होती. तवा काहून उशीर झाला होता?” मग सर म्हणत, “बस खाली. गाडीचा काही दोष नाही.”

एकदा वर्गात वाद झाला. कॉलेजच्या फाटकापाशी पोह्यांचा ठेला होता. एक मुलगी म्हणाली की सोमवारी तो पोह्यांवर ओततो तो रस्सा, ती तर्री, जास्त तिखट असते. सरांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला ठेल्यावर नेलं. पोहेवाल्याच्या कानात काही सांगितलं. त्यानं प्रत्येकाला दोन-दोन ताटल्या दिल्या. सर म्हणाले, एकीत सोमवारची तर्री आहे, ओळखा. आम्ही डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं आणि बहुतेकांनी डाव्या हातातली ताटली जास्त तिखट असल्याचं सांगितलं. दोन्हींत एकाच भांड्यातली तर्री होती.

पोहेवाला वैतागला. “सर, तुमी खाऊन राहिले का माह्या धंद्याची परीक्षा घेऊन राहिले?”

“दोन्ही.”

“मंग पैसेही दोनदा द्या.”

सरांनी दिले. आम्हाला म्हणाले, “मी नुसतं सांगितलं, अन् तुमच्या जिभेनं ऐकलं. याच्यासाठी ज्याच्यावर प्रयोग करतो त्याले हेतू सांगाचा नाही.”

ज्याच्यावर प्रयोग करतात त्या माणसाला आमच्या शास्त्रात प्रयोज्य म्हणतात. सरांचा कायमचा प्रयोज्य म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. नवीन चाचणी हाती आली की सर आधी काकूंवर ती करून पाहत. काकू कणीक मळता मळता उत्तरं देत, वेळ मोजायला घड्याळ लावलेलं असेल तर कणकेचे हात तसेच ठेवून. एकदा सर आत पाणी आणायला गेले तेव्हा काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “यायले वाटते मले काही कळत नाही. हेतू सांगत नाही म्हणते. पण यायचं तोंड पाह्यलं का मले समजते, काय उत्तर पाह्यजे ते. तेच देतो मी. तेवढंच खूश राहते माणूस.”

सर पाणी घेऊन आले आणि विचारलं, “काय सांगून राहिली गा हे?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “मीठ जास्त पडलं म्हणतो.”

माझ्या आयुष्यातली मुख्य गोष्ट याच घरात घडली. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेला एक रीत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. आपला प्रयोज्य आपणच घेऊन यायचा. पेन-फूटपट्टी आणावी तसा माणूस आणायचा. नागपूरची मुलं भाऊ, बहीण, गल्लीतला मित्र आणत. मी लकडगंजात एका आरामशीनच्या वर भाड्यानं राहत होतो. लाकडाच्या भुशाचा वास माझ्या पांघरुणात मुरला होता, पण खाली काम करणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. कॉलेजात माझं बोलणं ऐकून मुलं एकमेकांकडे पाहत, म्हणून मी बोलणं कमी केलं होतं. काही दिवस असे जायचे की दिवसभरात माझा आवाज मला फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचा.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मी सरांच्या घरी गेलो. म्हणालो, “सर, मला प्रयोज्य मिळत नाही. नागपुरात माझ्या ओळखीचं कोणीच नाही.”

आतून काकू म्हणाल्या, “मी येऊन जातो ना. काय होते त्याच्यात.”

“तू चालत नाही वं. तुले सगळे प्रयोग पाठ हाय. प्रयोज्य कोरा पाह्यजे.” मग सर माझ्याकडे वळले. “तुझी परिकल्पना काय हाय, कुही?” ते मला माझ्या गावाच्या नावानंच हाक मारत. “लकडगंजात कोणीच तुझ्यासोबत येणार नाही, असं?”

“हो सर.”

“किती जणाले विचारलं?”

“कोणालाच नाही.”

“मंग हे परिकल्पना नाही. हे भीती हाय. परिकल्पना तपासता येते.” ते थोडं थांबले. “उद्या खाली उतर अन् विचार. हेतू सांगू नको. पण नाव सांग, गाव सांग. मंग थांब. लोकं थांबत नाही, विचारतात अन् पळतात.”

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो. गाडीत लाकडाच्या पाट्या चढवणाऱ्या एका माणसाला माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि तिथंच उभा राहिलो. त्याचं नाव गुलाब. तो म्हणाला, “सुई-गिई तं टोचत नाही ना?”

“नाही.”

“मंग चाल. मालकाले मी सांगतो, पाहुणा आला म्हणून.”

परीक्षेत मला आरशातलं रेखाटन आलं. चांदणीची आकृती फक्त आरशात पाहून गिरवायची असते आणि हात उलटीकडेच जातो. गुलाबच्या कपाळावर घाम आला. तो बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणाला, “साहेब, माहा हात माहं ऐकून नाही राहिला.” परीक्षक हसले. मी पास झालो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या संध्याकाळी खालून हाक आली, “ओ कुहीवाले, च्या घ्याले ये गा.” सर सोडले तर नागपुरात मला कोणी गावाच्या नावानं बोलावण्याची ती पहिली वेळ. आज माझं काम तेच आहे. अनोळखी माणसाला नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि थांबायचं.

सर निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या. दहाव्या-तेराव्याचं त्यांच्यात काही नसतं. बुद्धवंदना झाली, लोक पांढऱ्या कपड्यांत आले आणि जेवून गेले. सगळे गेल्यावर सर खुर्चीत बसून मला म्हणाले, “तिच्यावर केलेले सगळे प्रयोग माझ्या परिकल्पनेच्या बाजूनं लागत. तवाच समजाले पाह्यजे होतं. आता असं खोटं कोण बोलन माझ्याशी?”

सरांची मुलगी पुण्याला असते, त्यांना मी ताई म्हणतो. ताई रोज फोन करतात, पैसे, औषधं, कामवाली बाई, सगळं नीट बघतात. पण घरात दिवसभर बोलायला कोणी नाही. मीही बुटीबोरीत एकटाच राहतो. हप्ताभर लोकांचं ऐकतो आणि रविवारी मला जायला घर नसतं. मी रविवारी नंदनवनात जाऊ लागलो.

मागच्या हिवाळ्यात असाच एका रविवारी दुपारी गेलो होतो. सर अंगणातल्या उन्हात संत्री सोलत बसले होते. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “मले एक काम हाय तुझ्याकडे. मी विसरून राहिलो.”

मला वाटलं, वयाचं बोलतायत. ते म्हणाले, “ऐकून घे. भाजी आणाले गेलो, घरी ठेवली, अन् परत त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, सर आताच तं नेली. मागच्या गल्लीत आपल्यासारखंच हिरवं फाटक हाय. त्याची कडी काढून आत गेलो. बाईनं पाणी देलं म्हणून वाचलो.”

ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. तिथं एका मुलीनं त्यांची स्मृतीची चाचणी घेतली. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. सरांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.

“काहून नाही मिळणार?” सर म्हणाले. “जलमभर शिकवली मी ते चाचणी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, हे मले झोपेत म्हणता येते. मले आठवत नाही, मले पाठ हाय. त्या पोरीले सांगितलं, बाई, मी कोरा प्रयोज्य नाही, माझा निकाल धरू नको. ते हसली. म्हणे, अंकल, तुमचा सेन्स ऑफ ह्यूमर छान आहे.”

ताई निश्चिंत होऊन पुण्याला गेल्या होत्या. फोनवर म्हणायच्या, “बाबा, डॉक्टर म्हणाले ना सगळं चांगलं आहे? मग तुम्ही उगाच का घाबरता?”

सरांनी संत्र्याची साल एका बाजूला सारली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. “दोन परिकल्पना हाय. एक, माझा मेंदू बिघडून राहिला. दोन, मेंदू ठीक हाय, पण तुझी काकू गेल्यापासून कोणी बोलाले नाही, कोणाले काही सांगाचं नाही, म्हणून ध्यानात ठेवाची सवय गेली. दोन्हीत दिसाले सारखंच दिसते, पण उपाय उलटा. मेंदूचं असन तर हे घर, बँक, कुठं राहाचं, मरताना काय करू देयाचं अन् काय नाही, हे सगळं मले आताच ठरवाचं हाय, माझं मत माझं हाय तोवर. एकटेपणाचं असन तर घर सोडाचं काही काम नाही. माणसं जोडाची. तू तपास.”

“सर, मी डॉक्टर नाही.”

“डॉक्टरची चाचणी मले पाठ हाय. तू नवीन कर. काय करशील ते मले सांगू नको. माझ्याशी जसा वागतो तसाच वाग, त्याच्यात काही वर-खाली होऊ देऊ नको. अन् झालं का मंग सगळं सांगाचं, हेतूही अन् निकालही. लिहून सांगाचं. तोंडानं सांगशील तर माझ्या चेहऱ्याकडं पाहून निकाल बदलवशील. तू भला माणूस हायस, तुझा भरवसा नाही.”

मी हो म्हणालो. बसमध्ये बसल्यावर वाटलं, दुसरी परिकल्पना खरी ठरावी. तपासणाऱ्यानं असं वाटून घ्यायचं नसतं.

मी साधंच केलं. दर रविवारी गप्पांमध्ये कारखान्यातल्या कोणाची तरी एक छोटी हकीकत सांगायची आणि पुढच्या रविवारी ती सहज विचारायची. ओडिशाचा एक तरुण कामगार आपल्या यंत्राला बायकोच्या नावानं हाक मारतो, ही हकीकत ऐकून सर पोट धरून हसले. पुढच्या रविवारी मी म्हणालो, “सर, त्यानं रजा घेतली.” सरांनी विचारलं, “कोणं?” मी सांगितलं. सर पुन्हा तसेच पोट धरून हसले. मीही हसलो.

हे एकटेपणानं होत असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. घर भरलं की बदलेल.

मे महिन्यात घर खरंच भरलं. ताई दोन मुलांना घेऊन महिनाभर राहायला आल्या. कूलर लागला, कॅरम निघाला, दारात चपलांचा ढीग झाला. सरांचा रंग पालटला. दोन वेळा नीट जेवू लागले. पण त्या महिन्यात मी सांगितलेली एकही हकीकत त्यांना पुढच्या रविवारी आठवली नाही. एकच विनोद त्यांनी नातवंडांना एका जेवणात परत परत सांगितला आणि मुलं दर वेळी जोरात हसली. त्यांना वाटत होतं, आजोबा मुद्दाम करतात. ताई मला म्हणाल्या, “पाहिलंत ना, किती खुलले बाबा? नुसता एकटेपणा होता.”

खुलले होते हे खरं. हकीकतींचं मी त्यांना सांगितलं नाही. तो निकाल आधी सरांचा होता.

मुलं गेल्यावरच्या रविवारी मी गेलो तेव्हा घर पुन्हा शांत होतं. सरांनी मला बसायला सांगितलं, स्वतः समोर बसले आणि घसा साफ केला.

“मले एक काम हाय तुझ्याकडे,” ते म्हणाले. “मी विसरून राहिलो.”

मग भाजीचं दुकान आलं, हिरवं फाटक आलं, चाचणी घेणारी मुलगी आली. दोन परिकल्पना आल्या, त्याच क्रमानं. त्यांचा आवाज तसाच स्पष्ट होता, मांडणीत एकही चूक नव्हती. मी त्यांना मध्येच थांबवलं नाही. सरांनी मला जे काम दिलं होतं, ते दिल्याची आठवणच त्यांच्याजवळ उरली नव्हती. असा कोरा प्रयोज्य त्यांना शिकवताना कधी मिळाला नसेल.

“करशील ना?” त्यांनी विचारलं.

“करतो, सर.”

“अन् लिहून सांगशील?”

“सांगतो.”

बुटीबोरीला परत आल्यावर मी खोलीत कागद काढला. न सांगितलं तर त्यांना कधीच कळणार नव्हतं, आणि असं न सांगणं सोपं होतं. पण मत त्यांचं होतं, आणि ते फार दिवस त्यांचं राहणार नव्हतं. मी लिहायला बसलो. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. ते असं:

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला एक काम दिलं होतं. तुमचं विसरणं आजारानं आहे की एकटेपणानं, हे तपासायचं आणि झाल्यावर लिहून सांगायचं. काम झालं आहे.

हिवाळ्यापासून दर रविवारी मी तुम्हाला कारखान्यातली एक हकीकत सांगत होतो आणि पुढच्या रविवारी विचारत होतो. त्या गप्पा चाचणी होत्या. मे महिन्यात ताई आणि मुलं होती तेव्हाही मी हेच केलं. घर भरलेलं असताना तुम्ही जास्त जेवलात, जास्त हसलात, पण आठवण बदलली नाही. तुमची दुसरी परिकल्पना टिकत नाही, सर. ती टिकावी असं मला फार वाटत होतं.

हे काम तुम्ही मला या रविवारी पुन्हा दिलंत. पहिल्यांदा दिल्याचं तुम्हाला आठवत नव्हतं. मी काढलेल्या चाचणीपेक्षा मला हाच निकाल जास्त पक्का वाटतो.

मर्यादा लिहितो. प्रयोज्य एकच होता. तपासणारा तटस्थ नव्हता, त्याला त्या घरी जायला आवडतं आणि दुसरं घर नाही. तो डॉक्टरही नाही. तुम्ही हो म्हणालात तर आपण पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. तुम्ही ही चाचणी शिकवत होता हे मी त्यांना आधी सांगेन आणि मेंदूचा फोटो काढायची विनंती करेन.

ताईंना मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. घराचं, बँकेचं, कुठं राहायचं, शेवटी काय करू द्यायचं, हे तुम्ही आता ठरवा. मी कागद घेऊन येईन, तुम्ही सांगाल ते लिहीन आणि तुम्ही वाचून सही कराल.

रविवारी येतो. हे पत्र वाचल्याचं तुम्हाला आठवत असेल तर आपण तिथून पुढे बोलू. आठवत नसेल आणि तुम्ही हेच काम मला पुन्हा दिलं, तर मी हे सगळं तुम्हाला पुन्हा सांगेन. जितक्या वेळा विचाराल तितक्या वेळा सांगेन, आणि तुमच्या चेहऱ्याकडं पाहून काही बदलणार नाही.

तुमचा विद्यार्थी,
कुही